उन्हाळी भटकंतीची प्रथमोपचार पेटी: तयार घ्यावी की घरी भरावी?

मेडिकलमध्ये मिळणारी तयार पेटी एकदा उघडून बघा. चिकटपट्ट्या, कापूस, गॉझ, रोलर बँडेज, छोटी कात्री, अँटिसेप्टिकची बाटली. कापलं-खरचटलं तर सगळं कामाचं. पण सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा माणूस आडवा होतो तो उन्हानं. आणि उन्हासाठी त्या पेटीत सहसा काहीच नसतं. म्हणून माझा कौल घरी भरलेल्या पिशवीला.

तयार पेटी अगदीच टाकाऊ नाही. सकाळी मैदानावर क्रिकेट खेळून नऊच्या आत घरी येणाऱ्याला ती पुरते. ओआरएसच्या दोन पुड्या तेवढ्या वरून टाकायच्या. पण पोराबाळांना घेऊन नळदुर्गचा किल्ला बघायला किंवा नान्नजच्या माळावर जायचं असेल, तर तिच्यावर भिस्त ठेवू नका.

ओआरएस घेतानाही निवड करावी लागते. दुकानात रंगीत टेट्रापॅक पुढे मांडलेले असतात, चवीला गोड, मुलांना आवडणारे. त्यातल्या अनेकांत साखर जास्त आणि मीठ कमी. २०२५ मध्ये तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर ‘ओआरएस’ लिहायला एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, मनाई केली. साधी पुडीच घ्या. तिच्यात मीठ आणि ग्लुकोज ठरलेल्या प्रमाणात असतं, कारण आतड्यात ग्लुकोजच्या सोबतीनं सोडियम आणि पाणी शोषलं जातं. एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यातच घालायची. पेलाभर पाण्यात अंदाजानं अर्धी पुडी टाकली की प्रमाण बिघडतं. त्यामुळे पुडीबरोबर लिटरची रिकामी बाटलीही पिशवीचा भाग समजा. कालवलेलं पाणी २४ तासांनंतर ओतून द्यायचं.

गार करायला जेल पॅक की ओला पंचा? मी पंचाच घेईन. जेल पॅक घरून निघताना गोठलेला असतो, दुपारपर्यंत कोमट होतो. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे ओल्या कापडातलं पाणी भराभर उडतं आणि अंगातली उष्णता ओढून नेतं. सोलापुरी टर्किश टॉवेल पाणी भरपूर धरतो, पण ओला झाला की जड होतो. पातळ पंचा मानेवर टाकला की काही मिनिटांत सुकतो, पुन्हा भिजवता येतो. दोन पंचे आणि जास्तीचं पाणी, बस.

कुणी बरळायला लागलं, तोल जाऊ लागला, अंग तापलं, तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. हा ताप पॅरासिटामॉलनं उतरत नाही. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. खिशात कांदा ठेवायचा तर ठेवा, पण त्याच्या भरवशावर उन्हात फिरू नका.

जखमेच्या बाबतीत दोन्ही पेट्या सारख्याच. आधी स्वच्छ पाण्यानं धुवायचं, मग बीटाडीन. फरक पडतो तो चिमट्यात. तयार पेटीतला बहुधा प्लास्टिकचा आणि बोथट असतो, बाभळीचा काटा त्याच्या चिमटीत येतच नाही. टोकदार स्टीलचा चिमटा वेगळा घ्या. पाय मुरगळला तर क्रेप बँडेजही हवं.

साप-विंचवासाठी मात्र कुठल्याच पेटीत औषध नसतं. दोरीनं आवळू नका, चिरा देऊ नका, चावलेला हात-पाय हलू देऊ नका आणि थेट मोठं रुग्णालय गाठा. लहान मुलाला विंचू चावला तर अजिबात थांबायचं नाही.

तयार पेटीचं आणखी एक दुखणं म्हणजे ती गाडीतच पडून राहते. बंद गाडीत उन्हाळ्यात चिकटपट्टीचा गोंद पाघळतो, आणि अनेक गोळ्यांच्या पाकिटावर ३० अंशांखाली ठेवा असं लिहिलेलं असतं. कापडी पिशवी खांद्याला लावून नेता येते आणि घरी आल्यावर सावलीत टांगता येते. बरोबर मधुमेहाचं औषध घेणारं कुणी असेल, तर त्यांच्या नेहमीच्या गोळ्या आणि ग्लुकोजची पुडी वरच्या कप्प्यात ठेवा, पटकन हाताला लागेल अशी.