घरबसल्या तोरणं शिवायचं काम : माझे ७,३१९ रुपये कसे गेले

ज्या बायकांच्या घरात शिलाई मशीन आहे आणि सणाच्या तोंडावर चार पैसे हातात यावेत असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. मीही त्यांच्यातलीच. मिरजेत राहते. ब्लाउज, फॉल-पिको आणि शाळेच्या गणवेशांची दुरुस्ती अशी कामं वीस वर्षं करत आले आहे. म्हणजे शिलाईतलं मला कळत नव्हतं असं नाही, आणि तरीही मी फसले. किंबहुना कळत होतं म्हणूनच फसले.

जुलै २०२५ मध्ये मोबाईलवर जाहिरात आली : दाराची तोरणं शिवा, कापड आमचं, मजुरी एका तोरणाला ७० रुपये. गणपती २७ ऑगस्टला होते, पाठोपाठ दसरा-दिवाळी, त्यामुळे मागणी असणार हे पटलं. फोनवरच्या मॅडम अगदी गोड बोलल्या. "ताई, तुमच्यासारख्या हात बसलेल्या बायकाच आम्हाला हव्यात." नोंदणीचे ४९९ रुपये भरले. मग कच्च्या मालाची अनामत ३,५०० रुपये, काम पास झालं की परत मिळणारी. उद्यम नोंदणीचं, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं, प्रमाणपत्रही त्यांनी पाठवलं. ही नोंदणी फुकट असते आणि कोणीही स्वतःच माहिती भरून ती काढू शकतो, हे मला नंतर समजलं. प्रमाणपत्र पाहून मी निर्धास्त झाले, पण पैसे मात्र दोन्ही वेळा वेगवेगळ्या माणसांच्या खात्यात गेले. कंपनीच्या नावाचं खातं एकदाही दिसलं नाही. तिथेच थांबायला हवं होतं.

माल खरोखर आला, आणि यातच खरी मेख आहे. मोठं पार्सल, आत कापडाचे तागे, बकरम (कडकपणासाठी आत घालायचं कापड), गोट्याची लेस, मणी आणि पानाचा पुठ्ठ्याचा साचा. माल घरात आल्यावर फसवणुकीची शंका कुणाला येणार? कापड खणाचं म्हणून पाठवलं होतं, पण होतं साधं पॉलिस्टर. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा प्रसिद्ध खण ज्या हाताने शिवलाय त्या हाताला ते लगेच कळतं. मंद इस्त्रीलाही ते आक्रसायचं, म्हणून मी वर ओला सुती रुमाल टाकून दाबत होते.

चाळीस तोरणं, प्रत्येकाला सात पानं. म्हणजे २८० पानं, आणि दोन्ही बाजू धरून ५६० तुकडे कापायचे. सुलट बाजू आत ठेवून देठाची बाजू मोकळी सोडायची आणि पाव इंचावर टीप घालायची. टोकाला वळताना सुई कापडात रुतलेली ठेवूनच प्रेशर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, उचलायचा. मग टोकाचं जास्तीचं कापड तिरकं कापायचं, नाहीतर पान उलटवल्यावर बोथट दिसतं. विणकामाची सुई आत घालून टोक हळूच बाहेर काढायचं. मणी लावताना गाठ मी अस्तराच्या आतच दडवते, ती माझी जुनी सवय. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसून सतरा दिवसांत काम संपवलं. खोका त्यांनी दिलेल्या पत्त्यावर कुरिअरने पाठवला, त्याचे ५२० रुपयेही माझेच गेले.

आठवड्याने निरोप आला : चाळीसपैकी अठ्ठावीस नापास. त्यांनी पाठवलेल्या करारनाम्यात लिहिलेलं होतं की नव्वद टक्के माल पास झाला नाही तर मजुरीही नाही आणि अनामतही नाही. सोबत दोन फोटो, वेड्यावाकड्या टिपांचे. मला किती लाज वाटली ते शब्दांत सांगता येणार नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, बचत गटातल्या बायकांना तर नाहीच. वीस वर्षं लोकांचे कपडे शिवणाऱ्या बाईला कोणी "तुमची शिलाई नापास" म्हटलं की ती भांडत नाही, आधी स्वतःकडेच बघते. मॅडमनी तोडगाही काढला : २,८०० रुपयांचं दुसरं किट घ्या, या वेळी नीट शिवा, दोन्हीचे पैसे एकदम देतो. मी भरले. ते पैसे मी फक्त लाजेपोटी भरले.

दुसरं किट आलं त्या रात्री मुलीने ते फोटो मोठे करून दाखवले. मी मोरपंखी दोरा वापरला होता, फोटोत पांढरा होता. मण्याची गाठ बाहेर होती आणि नायलॉनच्या दोऱ्याचं टोक काडीने जाळून चिकटवलेलं होतं. मी असं कधीच करत नाही. ते तोरण माझं नव्हतंच.

फोन केला तर उचलेनात. पुढच्या आठवड्यात कुरिअरवाला दारात एक खोका ठेवून गेला. माझाच खोका, वर शेरा : पत्ता सापडला नाही. मी लावलेली तपकिरी चिकटपट्टी जशीच्या तशी होती, मुलीने स्केचपेनने लिहिलेला पत्ताही. ज्या मालातली अठ्ठावीस तोरणं त्यांनी नापास केली, तो खोका कोणी उघडलाच नव्हता.

मी पैसे परत मागितले तेव्हा व्हॉट्सॲपवर वकिलाच्या नावाने नोटीस आली : करारभंगापोटी २१,००० रुपये भरा, नाहीतर अटक. दोन रात्री झोप नाही. शेवटी गल्लीतल्या एका वकील काकांकडे कागद नेला. त्यांनी आधी स्टॅम्प पाहिला. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा करारांसाठी शंभरऐवजी पाचशेचा स्टॅम्प लागतो, आणि माझ्याकडे होता शंभरच्या स्टॅम्पचा फोटो, त्यावर समोरच्या पक्षाची सही नाही. ते म्हणाले, शिलाई नापास झाली म्हणून पोलीस कोणाला अटक करत नाहीत, तो दिवाणी वाद असतो. उलट फसवणूक त्यांनी केली आहे. पूर्वीचं चारशेवीस, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८.

मग १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला आणि सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार दिली. तिथल्या ताईंनी पहिला प्रश्न विचारला, "पैसे कधी पाठवलेत?" कित्येक आठवडे झाले होते. पैसे गेल्यावर काही तासांत १९३० ला कळवलं तर ते पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. माझे केव्हाच काढले गेले होते. बायांनो, शंका आली की त्याच क्षणी फोन करा. घरच्यांना काय वाटेल, ते उद्या बघता येईल. लाजेत गेलेले ते आठवडेच मला सगळ्यात महाग पडले.

काम देणारा खरा असेल तर तो शिवणारीकडून पैसे घेत नाही. आमच्या भागात कारखान्यांचं शिलाईकाम घरी आणणाऱ्या कितीतरी बायका आहेत. माल वहीत नोंदवून मिळतो, बिघडला तर मजुरीतून कापतात, पण आधी अनामत कोणी मागत नाही. मला हे माहीत होतं, तरी त्या वेळी आठवलं नाही.

परत आलेली चाळीसच्या चाळीस तोरणं बचत गटाच्या दसऱ्याच्या स्टॉलवर ठेवली. एकतीस गेली, १५० रुपयांना एक. एका आजींनी पान उलटंपालटं करून गाठ शोधली, सापडली नाही, तेव्हा दोन घेतली.

दुसरं किट अजून कपाटावर आहे. पोलिसांनी पुरावा म्हणून जपून ठेवायला सांगितलंय, त्यामुळे त्या कापडाला मी कात्री लावलेली नाही.