वावराच्या राखणीला ठासणीची की बारा बोअर? आणि घरी काडतूस भरायचं का?

पीकसंरक्षणाचा परवाना काढायला निघालेल्या, किंवा वडिलांची जुनी बंदूक आपल्या नावावर करून घ्यायच्या विचारात असलेल्या शेतकऱ्यापुढे दोन पर्याय असतात. एक तोंडाकडून दारू ठासायची भरमार, म्हणजेच ठासणीची, दुसरी मधून मोडून काडतूस घालायची बारा बोअर. हल्ली त्यात तिसरा प्रश्न येतो. अमेरिकेतले लोक पिस्तुलाची काडतुसं घरच्या टेबलावर पुन्हा भरतात, ते व्हिडिओ पाहून पोरं विचारतात की मग आपण बारा बोअरची रिकामी काडतुसं फेकायची कशाला?

याचं उत्तर आधी देतो, कारण यात निवड करण्यासारखं काही नाही. शस्त्र कायदा, १९५९ मध्ये बंदूक बाळगण्याचा परवाना वेगळा आणि दारूगोळा बनवण्याचा वेगळा. दुसरा तुमच्याकडे नसेल तर घरी भरलेलं एक काडतूससुद्धा बेकायदा. कायद्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रंही धरलेली आहेत, त्यामुळे 'नुसती मशीन आणून ठेवली होती साहेब' हेही चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना दारूगोळा बनवण्याच्या गुन्ह्याला किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप आहे. काडतुसाच्या किमतीत चार पैसे वाचवायला वावर-घर पणाला लावू नका.

कायदा बाजूला ठेवला तरी धोका उरतोच. जिथे हे कायदेशीर आहे तिथेही लोकांना छळणारी अडचण एकच: दारूचं माप चुकणं. पिस्तुलाच्या काडतुसात दारू अगदी कमी पडली तर गोळी नळीतच अडकते, आणि ते न कळता दुसरी झाडली की नळी फुटते. एकाच काडतुसात चुकून दोनदा दारू पडली तरी शस्त्र हातात फुटू शकतं. आपल्या विदर्भाला दारूचा हिसका सांगायला नको. बाजारगावच्या कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ ला ९ जण गेले, भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ ला निदान ८. ते कारखाने याच कामाचे होते. ज्या घरात चूल पेटते आणि लेकरं खेळतात तिथे हा उद्योग नको म्हणजे नको.

आता खरी तुलना. पीकसंरक्षणासाठी कायदा आधी ठासणीचीच बंदूक धरतो. ती पुरत नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर किमान २० इंच नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे बारा बोअर, मिळू शकते. म्हणून ठासणीचा रस्ता सोपा. बंदूकही स्वस्त. आणि बहुतेक जागलीत बंदुकीचं काम आवाजाचं असतं. डुकरांचा कळप हरभऱ्यात शिरला की नुसत्या दारूचा एक बार त्याला धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधापलीकडे काढतो. माळ्यावरून एवढंच करायचं असेल तर ठासणी पुरते.

पण ठासणीची सेवा फार. काळ्या दारूची काजळी हवेतली ओल ओढते, म्हणून बार काढला की त्याच दिवशी नळी कढत पाण्याने धुऊन, कोरडी करून, तेल द्यावं लागतं. दोन दिवस आळस केला की आतून गंज. शिवाय त्या नळीत काळीच दारू चालते. काडतूस फोडून काढलेली बिनधुराची दारू तिच्यात घालणं म्हणजे बंदूक हातात फोडून घेणं. दारू आणि ठिणगी देणाऱ्या टोप्या घ्यायच्या त्याही परवानाधारक दुकानातूनच, परवान्यावर नोंद करून.

दोघींमधला सगळ्यात मोठा फरक मात्र बार न उडाल्यावर कळतो. ठासणीत टोपी फुटते आणि पुढे काहीच होत नाही. कारण बहुधा टोपीखालच्या बारीक छिद्रात असतं: काजळी, राहिलेलं तेल, किंवा ओल धरलेली दारू. ठिणगी आत धुमसत असू शकते, बार मिनिटाभराने उडतो. म्हणून तोंड मोकळ्या रानाकडे धरून निदान दोन मिनिटं थांबायचं, नळीत डोकावायचं नाही. नळी भरलेली आहे की रिकामी, हेही डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी रिकाम्या नळीत दारू ठासायचा गज टाकून तोंडाशी जिथे येतो तिथे खूण करून ठेवा, आणि भरल्यावर येतो तिथे दुसरी. अंधारात भरलेल्या नळीवर पुन्हा ठासण्याचा धोका या दोन खुणांनी टळतो.

बारा बोअरमध्ये तीस सेकंद थांबा, मोडा, काडतूस काढून त्याच्या बुडावरची टोपी बघा. टोपीवर ठसा खोल असेल तर दोष काडतुसाचा, बहुतेक पावसाळ्यात सर्दावलेलं. ठसा उथळ किंवा एका बाजूला असेल तर दोष बंदुकीचा: टोपीवर आदळणारी टाचणी झिजली किंवा स्प्रिंग ढिली, परवानाधारक कारागिराकडे न्या. आवाज फुसका आला तर दुसरी गोळी अजिबात नाही. आधी मोडून नळीतून उजेड आरपार दिसतो का ते बघा. ही सोय ठासणीत नाही. आमच्याकडे कुंभारमाशी भिंतीतल्या भोकांसारखी बंदुकीची नळीही मातीने लिंपते. बारा बोअर आकाशाकडे धरून पाहिली की ते बोटभर मातीचं बूच लगेच दिसतं.

म्हणून मिळत असेल तर माझा कौल बारा बोअरला. दोन नळ्यांची असेल तर जखमी डुक्कर अंगावर आल्यावर दुसरा बार हाताशी असतो, भर काळोखात गज शोधावा लागत नाही. मात्र वाडवडिलांची दुनाळी असेल तर काडतूस घालण्याआधी कारागिराला दाखवा. जुन्या काही बंदुकांचं काडतूस बसायचं घर ६५ मिलिमीटरचं असतं, त्यात ७० चं काडतूस बसतं पण दाब वाढतो. पट्ट्या गुंडाळून केलेल्या, वेलबुट्टी दिसणाऱ्या नळ्या काळ्या दारूच्या काळातल्या. त्या भिंतीवरच शोभतात. काडतुसं टिनाच्या कोठ्यात ठेवू नका, मे महिन्यात तिथे भट्टी होते. फुगलेलं कागदी काडतूस ठोकून बसवू नका.

दोन्हींना लागू असलेल्या गोष्टी थोड्या. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर किंवा रोही (नीलगाय) मारायचा परवाना नाही, ती परवानगी वन विभागाची. निवडणूक लागली की अनेकांना बंदूक ठाण्यात जमा करावी लागते, आणि २०२४ च्या विधानसभेसारखी ती नोव्हेंबरात आली तर नेमका हरभरा उगवलेला असतो. त्यामुळे बंदूक कुठलीही घ्या, धुऱ्यावर झटका मशीनचं कुंपण आधी करा. खालची तार डुकराच्या नाकाच्या उंचीवर ठेवा, तारेला गवत लागू देऊ नका. थेट लाईनचा करंट सोडणं हा गुन्हा, त्यात माणसंही मरतात आणि वाघही.

बारा बोअरसाठी अर्ज करणार असाल तर गट नंबर, पीक, नुकसानीचे पंचनामे जोडा आणि ठासणी का पुरत नाही हे स्वतंत्र परिच्छेदात लिहा. वडिलांच्या नावावर बंदूक २५ वर्षं असेल किंवा त्यांनी सत्तरी गाठली असेल, तर ती त्यांच्या हयातीतच वारसाच्या नावावर करून मागता येते. हे विचारायला जिल्हाधिकारी कार्यालयात जाताना त्यांचा मूळ परवाना सोबत न्या.