मूळ पाठ शोधायचा की समोरची पोथी वाचायची?

मध्ययुगीन युरोपीय साहित्यात संशोधन करायचं ठरवलंत, तर विषय नक्की होण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा. लेखनिकाची चूक दिसली की तुम्हाला ती दुरुस्त करावीशी वाटते, की ती का झाली हे शोधावंसं वाटतं? पद्धत यावरून निवडा.

चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर, त्याच्या ‘कँटरबरी टेल्स’ या कथासंग्रहाचंच बघा. चॉसर १४०० साली वारला तेव्हा ग्रंथ अपुरा होता, आणि त्याच्या हातची एकही प्रत उरलेली नाही. उरली ती इतरांनी नकललेली ८०हून अधिक हस्तलिखितं, काही जवळपास पूर्ण, काहींची नुसती पानं.

जुनी वाट जर्मन पंडित लाखमान यांच्या नावाने ओळखली जाते. दोन प्रतींत सारखीच चूक असेल, तर त्यांचा पूर्वज एक. अशा चुका जुळवत वंशवृक्ष काढायचा आणि हरवलेल्या मूळ पाठाच्या शक्य तितकं जवळ जायचं. पुण्यात भांडारकर संस्थेने सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती याच परंपरेतून, पण आपल्या पोथ्यांचा स्वभाव ओळखून पद्धत बदलत घडली. चॉसरसाठी हे काम मॅनली आणि रिकर्ट या संपादकांनी १९४० साली ८ खंडांत मांडलं. कष्ट अफाट, पण प्रतींची नाती कथेगणिक बदलत गेली. लेखनिक एकाच पोथीवरून नक्कल करत नसत, तिथे वृक्ष गुंततो.

नवी वाट १९९०च्या सुमारास ठळक झाली. फ्रान्समध्ये सेर्किग्लिनी, अमेरिकेत निकोल्स या अभ्यासकांचं म्हणणं असं की छपाईपूर्वीच्या साहित्यात पाठभेद, म्हणजे प्रतीगणिक बदलणारे शब्द, हा दोष नव्हे, ते साहित्य जगतच तसं होतं. मला हे पटलं ते ‘कँटरबरी टेल्स’मधल्या ‘आचाऱ्याच्या कथे’मुळे. ती मध्येच तुटते. हेंगर्ट नावाच्या जुन्या हस्तलिखिताच्या लेखनिकाने पुढची जागा कोरी ठेवली आणि चॉसरने ही कथा याहून पुढे रचली नाही, अशी नोंद केली. इतर कितीतरी प्रतींत मात्र तिथे ‘गॅमेलिन’ नावाची, चॉसरची नसलेली कथा येते. पहिल्या पद्धतीचा संपादक गॅमेलिन बाहेर काढतो, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. दुसऱ्या पद्धतीत खरं काम तिथूनच सुरू होतं: कोरी जागा कोणाला सोसवली नाही, आणि का?

जुनी वाट मोडीत निघाली असं मात्र समजू नका. १९९८ साली एका गटाने याच ग्रंथातल्या बाथच्या बाईच्या प्रस्तावनेच्या ५८ प्रती जीवशास्त्रातल्या वंशावळीच्या सॉफ्टवेअरने तपासल्या. वृक्ष परतला, संगणकावर.

तिसरी वाट प्रयोगशाळेची. पानावर खोडरबर हलकेच घासून पडलेल्या चुऱ्यातल्या प्रथिनांवरून चर्मपत्र वासराचं, मेंढीचं की बकरीचं हे कळतं. हे काम सांघिक असतं. एकट्याने प्रबंधासाठी घेऊ नये.

तीनच वर्षं हातात असतील आणि बसायचं पुण्या-मुंबईत असेल, तर दुसरी वाट घ्या. हेंगर्टची छायाचित्रं वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर, एल्समिअर या दुसऱ्या प्रसिद्ध हस्तलिखिताची कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. चर्मपत्राची जाडी आणि पानांची बांधणी मात्र छायाचित्रात पुरती कळत नाही, तेव्हा एका प्रवासाचे पैसे बाजूला ठेवा. आणि कुठलीही वाट घेतलीत तरी आधी पन्नास ओळींचे पाठभेद चार प्रतींतून हाताने उतरवून काढा. मध्ययुगीन इंग्रजीची लिपी डोळ्यांत बसायला त्याहून जवळचा मार्ग मला माहीत नाही.