पेट्रोल उतरणार म्हणून थांबावं का? कोल्हापुरातल्या दुचाकीचा हिशेब

गेल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. राजारामपुरीत राहतो, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला जातो. म्हणाला, "मामा, तेल घसरलंय म्हणे. पेट्रोल उतरणार असेल तर इलेक्ट्रिक कशाला घ्यायची? पेट्रोलचीच स्कूटर घेऊ का? का ती सीएनजीवाली बाईक बघू?"

मी उद्यमनगरात तीस वर्षं हिशेब लिहिले. असा प्रश्न आला की कागद-पेन घेतल्याशिवाय मला उत्तर देता येत नाही. त्याच्यासाठी मांडलेला हिशेब इथं देतो, कारण हाच प्रश्न मला केएमटी बसच्या थांब्यावर आणि रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्यांकडूनही ऐकू येतो.

आधी तेल घसरण्याचं बघू, कारण गफलत तिथंच होते. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर. बॅरल ६५ डॉलरला आणि डॉलर ८६ रुपयांना धरला तर कच्चं तेल लिटरला ३५ रुपये पडतं. आता २०१४ चा जून आठवा. तेव्हा बॅरल ११० डॉलरच्या वर होतं, पण डॉलर ६० रुपयांच्या आसपास होता. म्हणजे लिटरला साधारण ४१-४२ रुपये. डॉलरमध्ये बघितलं तर तेल चाळीस टक्के स्वस्त झालं, रुपयात मात्र जेमतेम सहा-सात रुपयांनी. आपण ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो आणि त्याचे पैसे डॉलरमध्ये मोजतो, त्यामुळं घसरणीतला मोठा वाटा रुपयाच खाऊन टाकतो.

त्यावर कर. केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरला ठरावीक रुपये असतं, तेल स्वस्त झालं म्हणून ते कमी होत नाही. उलट स्वस्ताईतच ते वाढवायला सोपं जातं. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात जगात तेल गडगडलं आणि आपल्याकडं शुल्क नऊ वेळा वाढलं. एप्रिल २०२० मध्ये कोरोनानं जग बंद पडलं. २० एप्रिलला अमेरिकेतल्या तेलाचा वायद्याचा, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्याचा, भाव शून्याखाली, उणे ३७ डॉलरपर्यंत गेला. लगेच पुढच्या मे महिन्यात पेट्रोलवर एका झटक्यात १० रुपये शुल्क चढलं. पुढच्या वर्षी महाराष्ट्रात पेट्रोलनं शंभरी ओलांडली. एप्रिल २०२५ मध्येही कच्चं तेल ६० डॉलरच्या घरात आलं तेव्हा शुल्क २ रुपयांनी वाढलं आणि पंपावरचा आकडा होता तिथंच राहिला.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धामुळं तेल शंभर डॉलरच्या वर होतं, तेव्हा एप्रिलनंतर पंपावरचा भाव चढला नाही. तेल कंपन्यांनी तोटा सोसला, केंद्रानं मे महिन्यात ८ रुपये आणि राज्यानं जुलैत ५ रुपये कमी केले. त्यानंतर थेट मार्च २०२४ मध्ये २ रुपये उतरले. भाव रोज बदलायची पद्धत जून २०१७ पासून कागदावर आहे, प्रत्यक्षात आकडा वर्ष-वर्ष गोठलेला असतो. म्हणून बॅरल दहा डॉलरनं उतरलं तर हिशेबानं लिटरला पाचेक रुपये कमी व्हायला हवेत, पण ते होतीलच असं धरून गाडी घेऊ नये.

घसरण टिकते का, हेही बघा. २०१४ ला अमेरिकेच्या शेल तेलानं, म्हणजे खडक फोडून काढलेल्या तेलानं, बाजार भरला आणि ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेनं नोव्हेंबरच्या बैठकीत उत्पादन कमी करायला नकार दिला, तेव्हा भाव दीड वर्षात ३० डॉलरच्या खाली गेला. २०२५ मध्ये ओपेक आणि तिच्या साथीदारांनी रोखून धरलेलं उत्पादन परत सोडायला सुरुवात केली, म्हणून भाव नरमला. पण त्याच जूनमध्ये इस्रायल-इराणच्या लढाईत तो काही दिवसांत ८० डॉलरच्या जवळ गेला आणि युद्धविराम होताच परत खाली आला. जगाच्या तेलाचा सुमारे पाचवा हिस्सा इराणलगतच्या होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून जातो. गाडी आपण आठ-दहा वर्षं वापरतो, आणि तेवढ्या काळात तिथं काय होईल याचा अंदाज लावणं तुमच्या-माझ्या हातातलं नाही.

आता आपल्या मातीतली एक गोष्ट. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, आणि त्यात आपल्या जिल्ह्यातल्या उसाचाही वाटा आहे. उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलचा सरकारी दर २०२४-२५ च्या हंगामात लिटरला ६५.६१ रुपये होता. बाजूला ३५ रुपयांचं कच्चं तेल ठेवून बघा. म्हणजे टाकीतला पाचवा हिस्सा जगात तेल पडलं तरी स्वस्त होत नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. ते पैसे आखाती देशात जाण्याऐवजी कारखान्यामार्फत इथं फिरतात, शेतकऱ्याला वेळेवर बिल मिळायला हातभार लागतो. पण ग्राहक म्हणून हेही कळायला हवं की इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच दुचाकीचं ॲव्हरेज ३ ते ४ टक्के कमी होईल असं धरलं होतं. माझी २०१६ ची स्कूटर आधी ४५ द्यायची, आता ४३ वर समाधान मानते. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या या पेट्रोलसाठी बनवलेल्या आहेत. सेकंडहँड घेणार असाल तर त्याआधीच्या गाडीचे रबरी पाइप आणि सील मेकॅनिककडून तपासून घ्या.

हिशेबासाठी पेट्रोल १०५ रुपये, सीएनजी ९० रुपये किलो आणि घरची वीज १२ रुपये युनिट धरली. तुमच्याकडचे आकडे घालून परत करा. भाचा रोज २५ किलोमीटर फिरतो, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ७,५०० किलोमीटर.

पेट्रोलची स्कूटर ४५ चं ॲव्हरेज देईल तर किलोमीटरला २ रुपये ३३ पैसे, वर्षाला १७,५००. इलेक्ट्रिक स्कूटर, चार्जिंगमधली गळती धरून, किलोमीटरला ३५ वॅट-तास खाते (हजार वॅट-तासांचा एक युनिट). म्हणजे ४२ पैसे, वर्षाला ३,१५०. वर्षाचा फरक १४,३५० रुपये. इलेक्ट्रिक ३० हजारांनी महाग पडली तरी २५ महिन्यांत फिटते.

आता पेट्रोल दहा रुपयांनी उतरून ९५ झालं असं धरू. फरक १२,६८० वर येतो आणि गाडी २५ ऐवजी २८ महिन्यांत फिटते. लिटरला दहा रुपये कमी होऊनही फक्त तीन महिन्यांचा फरक! ८५ झालं तरी ३३ महिने. तेलाच्या बातमीनं भाच्याचं उत्तर बदलत नाही, असं मी म्हणतो ते यामुळं.

उत्तर बदलतं ते धावण्यानं. शाहूपुरीतलं दुकान आणि घर, दिवसाला आठ किलोमीटर, एवढीच गाडी असेल तर इलेक्ट्रिकमधून वर्षाला साडेचार हजार वाचतात आणि ३० हजार फिटायला साडेसहा वर्षं लागतात. अशा माणसानं पेट्रोलची घ्यावी. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. शोरूममध्ये लाखाला असलेली गाडी त्यानं पावणेआठ हजारांनी उतरते. कमी फिरणाऱ्याला हा फायदा पेट्रोलच्या घसरणीपेक्षा कितीतरी मोठा आहे.

सीएनजी बाईकची तुलना स्कूटरशी न करता १२५ सीसीच्या मोटरसायकलशी करा. बजाजनं जुलै २०२४ मध्ये ही बाईक आणली. दोन किलो गॅस आणि दोन लिटर पेट्रोल मावतं. कंपनी किलोला १०२ किलोमीटर सांगते, मी ८५ धरले. किलोमीटरला १ रुपया ६ पैसे. ५५ चं ॲव्हरेज देणाऱ्या पेट्रोल बाईकला १ रुपया ९१ पैसे लागतात. इचलकरंजीहून रोज कोल्हापूरला येऊन-जाऊन ६० किलोमीटर करणाऱ्याला वर्षाला १५ हजारांवर वाचतात, आणि वाटेत चार्जिंगची चिंता नाही. पण गॅसच्या रांगेत उभं राहायचा वेळ मोजा आणि टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी लागते हे विसरू नका. शिवाय सीएनजी तेलापासून सुटलेला आहे असं समजू नका. एप्रिल २०२३ पासून देशातल्या जुन्या क्षेत्रांतल्या गॅसचा दर कच्च्या तेलाच्या दहा टक्के धरतात, वर मर्यादा घालून. बराचसा गॅस बाहेरूनही येतो.

कागल ओलांडून कर्नाटकातल्या पंपावर टाकी भरायचं खूळ काहींना असतं. कामानिमित्त निपाणीला गेलात तर जरूर भरा. मुद्दाम जाऊन आलात तर वाचेल त्याहून जास्त वाटेत जळतं.

इलेक्ट्रिकच्या बाबतीत पैशांपेक्षा सॉकेटचा प्रश्न मोठा. शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात गाडी बोळात आणि मीटर माडीवर असतं. फ्लॅट असेल तर पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरून वायर ओढायला सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या, गाडी नंतर. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबानं उलटं केलं आणि चार महिने तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून वायर सोडली. पावसाळ्यात ते धोक्याचं आहे. घरचा वापर १०० युनिटांच्या वर गेला की विजेचा दर चढतो, तेव्हा स्वतःचं बिल बघून हिशेब करा. जोतिबा किंवा पन्हाळ्याला दोघं बसून चढलात तर चार्ज भराभर उतरतो, उतरताना थोडाच परत मिळतो. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षांची मूळ किमतीत आहे का जादा पैसे भरून, हे लेखी विचारा.

पुराचंही बघावं लागतं. २०१९ ला शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला तेव्हा टँकर यायचे थांबले आणि मी पंपावर तासन् तास उभा होतो. त्याच वेळी अर्ध्या शहरात वीजही नव्हती. घरात दोन गाड्या असतील तर एक पेट्रोलची ठेवा, असं मी नदीकाठच्या भागातल्या लोकांना सांगतो.

भाच्यासाठी माझं मत इलेक्ट्रिकच्या बाजूनं आहे. त्याचं घर तळमजल्यावर, मीटर जिन्याखाली, बॅटरीच्या पल्ल्याच्या पाव हिस्साच रोजचं फिरणं. एकच गाठ राहिलीय. दुसऱ्या पाळीला तो रात्री साडेअकराला सुटतो आणि चार्ज संपला तर त्या रस्त्यावर थांबायला सोय नाही. कारखान्याच्या शेडमध्ये गाडी चार्जिंगला लावायला मालक देतात का, हे त्यानं सोमवारी विचारायचंय. हो म्हणाले तर शनिवारी आम्ही शोरूमला जाणार आहोत.