वस्तुचित्राची सुरुवात पेन्सिलीने करावी की चारकोलने?

समोर मांडलेल्या वस्तू पाहून चित्र काढायला प्रौढ वयात सुरुवात करणाऱ्यापुढे साधनाच्या निवडीचा प्रश्न लवकरच उभा राहतो. पेन्सिल आणि चारकोल (चित्रासाठीचा लाकडी कोळसा) ही दोन्ही साधने स्वस्त आहेत, त्यामुळे किमतीवरून निर्णय होत नाही. आपली चूक किती लवकर दिसते आणि ती किती सहज दुरुस्त होते, हाच माझ्या मते खरा निकष आहे.

एका बाजूने दिव्याचा प्रकाश पडेल अशा रीतीने मातीचे मडके आणि दोन कांदे मांडले आहेत, असे समजू. (पितळी लोट्याचा मोह सुरुवातीला टाळावा; त्यात सगळी खोली प्रतिबिंबित होते आणि त्याचा आकारच कळेनासा होतो.) टोकदार पेन्सिल हाती असली की नवशिक्या कडांभोवती रेषा फिरवू लागतो. प्रत्यक्षात मडक्याची उजळ कड मागच्या भिंतीत जवळजवळ मिसळलेली असते, तर सावलीची बाजू आणि टेबलावर पडलेली छाया यांचा मिळून एकच गडद आकार झालेला असतो. चारकोलची कांडी आडवी धरून फिरवली, तर हा गडद आकार काही क्षणांत कागदावर उतरतो आणि मडके फार रुंद झाले आहे की कांदा फार जवळ आला आहे, हे लांबून पाहताच लक्षात येते. बंदिस्त भांड्यात काटक्या जाळून केलेल्या साध्या चारकोलमध्ये भुकटी एकत्र धरून ठेवणारा कोणताही बंधक पदार्थ नसतो, म्हणून तो कापडाने झटकताच बराचसा निघून जातो आणि कणकेसारख्या मळता येणाऱ्या खोडरबराने उजेडाच्या जागा पुन्हा उघडता येतात. दाबून तयार केलेल्या कांड्यांमध्ये मात्र बंधक पदार्थ असतो; त्या अधिक काळ्या उमटतात, पण सहज पुसल्या जात नाहीत, म्हणून सुरुवातीला त्या घेऊ नयेत.

पेन्सिलीची बाजू दुबळी आहे असे नाही. मडक्याच्या तोंडाचा लंबवर्तुळ, त्याची दोन्ही अर्धी सारखी येणे, आणि वरून पाहताना तळाची वक्रता तोंडापेक्षा अधिक गोलाकार दिसणे, या गोष्टी एचबी किंवा २बी (मध्यम किंवा किंचित मऊ शिशाच्या) पेन्सिलीने जितक्या नेमक्या तपासता येतात तितक्या चारकोलने येत नाहीत. हात सरळ ताणून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत उंची-रुंदीचे प्रमाण घेण्याची पद्धत दोन्हींना सारखीच लागू आहे. गडद छटांसाठी मात्र पेन्सिल हळू पडते, आणि ६बी या आणखी मऊ, गडद पेन्सिलीचे थर चढवत गेल्यास ग्रॅफाइटला चकाकी येऊन सावलीच प्रकाश परावर्तित करू लागते. त्याहून मोठा धोका असा की, प्रमाण चुकलेले असतानाही पेन्सिल तपशील रंगवण्याची मुभा देते आणि तासभर छटा भरल्यावर ते खोडायला मन धजत नाही.

गैरसोयींत चारकोल पुढे आहे. बोटे, बाही आणि टेबल काळे होते, भुकटी कागदावर पक्की करणाऱ्या फिक्सेटिव्हच्या फवाऱ्याशिवाय चित्र टिकत नाही, आणि तो फवारा खिडकी उघडी ठेवूनच मारावा लागतो. गुळगुळीत कागदावर भुकटी धरत नाही, त्यामुळे थोडा खरखरीत कार्ट्रिज पेपर (चित्रकलेचा जाडसर कागद) लागतो. छोट्या वहीत चारकोल गुदमरतो. १५ × ११ इंचांचा, म्हणजे इम्पीरियल या मोठ्या आकाराच्या कागदाचा पाव भाग, ही त्याची किमान गरज समजावी. लोकलमध्ये किंवा कचेरीतल्या जेवणाच्या सुट्टीत सराव करणाऱ्याला पेन्सिलीवाचून पर्याय नाही.

ज्याला घरी एक कोपरा आणि आठवड्यातून दोनदा सलग तासभर मिळतो, त्याने चारकोलपासून सुरुवात करावी, आणि मोठे आकार व छटा साधू लागल्यावर लंबवर्तुळांसाठी पेन्सिल हाती घ्यावी, असे माझे मत आहे. शासकीय रेखाकला परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांसाठी हा क्रम उलटा ठेवावा, कारण तिथे वस्तुचित्राचे रेखाटन पेन्सिलीने करून ते ठरलेल्या वेळेत रंगवायचे असते.