ज्येष्ठांसाठीचा डबा: मऊ आहे, चवीला आहे, पण पातळ आहे

पुण्यात कोथरूड भागात ज्येष्ठ नागरिकांसाठी दोन्ही वेळचा डबा घरपोच देणारी एक घरगुती सेवा आहे आणि गेले काही महिने आम्ही पतिपत्नी तिचे ग्राहक आहोत. आम्ही दोघांनीही सत्तरी ओलांडली आहे. यजमानांना बरीच वर्षे मधुमेह असून त्यांना वरच्या बाजूची कवळी आहे, मला रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि मुले परगावी असतात. शहरात अशा सेवा आता पुष्कळ झाल्या आहेत व त्यांचे आश्वासन साधारण एकच असते: कमी तेल, कमी मीठ, कमी तिखट, पचायला हलके. मी येथे सेवेचे नाव देत नाही, कारण जे गुणदोष आढळले ते या एका स्वयंपाकघरापुरते नसून ज्येष्ठांच्या आहाराकडे पाहण्याच्या आपल्या सर्वांच्याच पद्धतीतून आलेले आहेत.

आधी जे उत्तम आहे ते सांगते. सुरुवातीला जेवण प्लॅस्टिकच्या चौकोनी पेट्यांतून येत असे आणि त्यांवरचा पारदर्शक पापुद्रा कात्रीशिवाय निघत नसे. संधिवात झालेल्या बोटांना ते जमत नाही अशी तक्रार बहुधा अनेकांनी केली असावी, कारण थोड्याच दिवसांत बाजूला खिट्टी असलेले स्टीलचे डबे येऊ लागले आणि त्यांची झाकणे एका हाताने निघतात. भाज्या बारीक चिरलेल्या असतात. गवारीच्या शिरा काढलेल्या असतात, कोशिंबिरीतले गाजर किसलेले असते आणि शेवग्याच्या शेंगा आमटीत अख्ख्या न टाकता त्यांचा गर काढून घातलेला असतो. ज्याने कवळी लावून जेवणाऱ्या माणसासाठी कधी रांधले आहे, त्यालाच ही शेवटची गोष्ट सुचू शकते. दात नीट नसले की माणूस न कळत कच्च्या भाज्या, कडधान्ये, शेंगदाणे आणि मांस टाळतो व भात, दूधपोळी, बिस्किटे यांवर येऊन ठेपतो, आणि तिथूनच ज्येष्ठांच्या आहाराची घसरण सुरू होते.

चवीच्या बाबतीतही या सेवेने डोके चालवले आहे. वय वाढले की जिभेची आणि नाकाची संवेदना मंदावते, काही औषधांमुळे तोंडाची चव जाते आणि मग ताटात मीठ वरून घेण्याची सवय लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ व्यक्तीने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा मीठ खावे, आणि त्यात स्वयंपाकातले, लोणच्यातले, पापडातले व विकतच्या फरसाणातले असे सारेच मीठ आले. इथे आमटीत आमसूल, भाजीवर लिंबाची फोड, कोशिंबिरीत भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि वरणावर लसणीची फोडणी असते, त्यामुळे मीठ कमी असल्याचे जाणवत नाही. मात्र त्याच डब्यात रोज लोणच्याची पुडी का ठेवतात, हे कोडे मला सुटलेले नाही. ती पुडी फोडली की भाजीत काळजीपूर्वक वाचवलेले मीठ परत पोटात जाते, शिवाय घरात असलेली वस्तू खाऊ नये असे सत्तरीतल्या गृहस्थाला सांगून काही उपयोग नसतो.

मिठाबद्दलची दुसरी बाब अधिक गंभीर आहे. माहितीपत्रकावर 'आम्ही लो सोडियम मीठ वापरतो' असे मोठ्या अक्षरांत छापलेले आहे. अशा मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्याऐवजी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. बहुतेक निरोगी प्रौढांना ते चालते, किंबहुना रक्तदाबाच्या दृष्टीने उपयोगीही असते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2025 मध्ये त्याच्या वापराला सशर्त अनुकूल अशी मार्गदर्शक सूचना दिली आहे, मात्र मूत्रपिंडाचे कार्य मंदावलेल्या व्यक्तींना त्यातून वगळले आहे. मूत्रपिंडे कमजोर असतील किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील, तर रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. ज्या वयोगटासाठी ही सेवा आहे त्याच वयोगटात असे लोक सर्वाधिक, आणि तरीही नोंदणीच्या अर्जात मधुमेहाचा रकाना होता, मूत्रपिंडाचा नव्हता, चालू औषधांचाही नव्हता. मी संचालिकाबाईंना हे सांगितले तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, आमचा डबा साध्या मिठाचा करून दिला आणि पुढच्या महिन्यात अर्जात औषधांचा रकाना आला. हे त्यांच्या बाजूने आवर्जून नोंदवायला हवे.

आता मुख्य तक्रारीकडे येते, ती वरणाची आहे. डबा आल्यावर वरण वाटीत काढून दहा मिनिटे तसेच ठेवले, तर वर पिवळे पाणी आणि तळाशी डाळ असे दोन थर स्पष्ट दिसतात, आणि डाळीचा थर वाटीच्या तिसऱ्या हिश्शाइतकाही भरत नाही. त्या वरणासोबत दोन पातळ फुलके, मूदभर भात, एक फळभाजी आणि ताक येते. पोट भरते, जडपणा येत नाही, रात्री झोपही लागते, त्यामुळे हे जेवण योग्यच आहे असे वाटत राहते. प्रत्यक्षात वय वाढल्यावर कमी होते ती उष्मांकांची गरज. प्रथिने, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे यांची गरज तेवढीच राहते, काहींची तर वाढते. म्हणून कमी अन्नात अधिक सत्त्व बसवणे हे ज्येष्ठांच्या स्वयंपाकाचे खरे कौशल्य आहे, आणि नेमके तिथेच हा डबा उणा पडतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या 2020 च्या शिफारशींनुसार प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिने हवीत. वार्धक्यातील पोषणाचा अभ्यास करणारे तज्ज्ञगट निरोगी ज्येष्ठांसाठी हेच प्रमाण 1 ते 1.2 ग्रॅम असावे असे सांगतात, कारण उतारवयात स्नायू आपोआप झिजत जातात आणि तेवढ्याच प्रथिनांतून ते पूर्वीइतके भरून येत नाहीत. 60 किलो वजनाच्या माणसाचा हिशेब मग 60 ते 72 ग्रॅमवर जातो. तूरडाळीत 100 ग्रॅमला साधारण 22 ग्रॅम प्रथिने असतात, पण वाटीत जर 15 ग्रॅमच डाळ असेल तर त्यातून तीन-सव्वातीन ग्रॅम मिळणार. फुलके, भात, भाजी आणि ताक धरून माझ्या अंदाजाने एका डब्यात पंधरा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात आणि दोन डबे मिळून तिशीची मजल गाठतात. राहिलेली तीस-चाळीस ग्रॅम न्याहारी आणि दुपारच्या चहाने भरून काढायची, तर चहाबिस्किटांनी ते होत नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी हा हिशेब वेगळा असतो आणि तो त्यांच्या डॉक्टरांनीच करायचा असतो.

उसळीच्या दिवशी चित्र पालटते. मोड आलेली मटकी किंवा मूग कुकरमध्ये बोटाने चेपले जातील इतके शिजवलेले असतात, फोडणीत हिंग-ओवा असतो आणि वाटी घट्ट भरलेली असते. यजमान एरवी उसळीचे नाव काढले की वाताचे कारण पुढे करतात, पण ही उसळ त्यांनी पहिल्या दिवशीच संपवली. असा दिवस आठवड्यातून दोनदाच येतो. तो रोज का नसतो असे विचारल्यावर, 'म्हाताऱ्या माणसांना कडधान्ये बाधतात अशा तक्रारी येतात,' असे उत्तर मिळाले. भिजवून, मोड आणून आणि नीट शिजवून दिलेले कडधान्य बहुतेकांना थोड्या सवयीने सोसते हे त्यांच्याच उसळीने सिद्ध केले आहे. घट्ट वरणासाठी डब्यामागे 20 रुपये जास्त घेण्याची त्यांची तयारी होती आणि आम्ही ते देऊ केले. दोन आठवडे वरण खरोखर दाट आले, मग पुन्हा पातळ होऊ लागले. डबा आणणारा मुलगा, 'काकू, मी सांगतो किचनमध्ये,' असे म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी फरक पडतो, तिसऱ्या दिवशी नाही.

उपवासाच्या डब्याचे मात्र मनापासून कौतुक केले पाहिजे. एकादशीला साबुदाण्याची खिचडी न देता ते भगर, दाण्याची आमटी आणि राजगिऱ्याची भाकरी देतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यामुळे मधुमेह्याची साखर भराभर वर जाते. त्या मानाने राजगिऱ्यात आणि दाण्यात प्रथिने बरीच असतात. शिवाय मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याने दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी फराळावर तुटून पडणे धोक्याचे असते, हे ध्यानात घेऊन उपवासाचा डबाही नेहमीच्याच वेळेला येतो. ज्वारीच्या भाकरीबद्दल इतके चांगले म्हणता येत नाही. दुपारी ती पातळ आणि लुसलुशीत असते, संध्याकाळच्या डब्यात तिच्या कडा कडक झालेल्या असतात. 'मल्टिग्रेन पोळी' ही चवीला आणि रंगाला गव्हाचीच पोळी आहे.

माहितीपत्रकातले एक वाक्य काढून टाकावे असे मला वाटते: 'आमच्या डब्यातून सर्व जीवनसत्त्वे मिळतात.' शाकाहारी डब्यातून बी-12 मिळण्याचा मार्ग दूध, दही आणि ताक एवढाच आहे. उतारवयात जठरातले आम्ल कमी झाले की अन्नातले बी-12 सुटे होऊन शोषले जाण्याचे प्रमाणही घटते आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांमध्ये ते आणखी कमी होऊ शकते. यजमानांच्या हातापायांना मुंग्या येत होत्या तेव्हा आमच्या डॉक्टरांनी आधी याचीच रक्ततपासणी सांगितली होती. ड जीवनसत्त्वाचेही तसेच आहे, ते रोजच्या जेवणातून फारसे मिळत नाही. डब्याने ही जबाबदारी घेऊ नये आणि ग्राहकाने ती डब्यावर सोपवू नये. 2024 मध्ये राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी जी 17 आहारसूत्रे प्रसिद्ध केली, त्यांतले एक खास ज्येष्ठांसाठी आहे आणि त्याचा भर पोषकद्रव्यांनी समृद्ध अशा अन्नावर आहे. डबा चालवणाऱ्यांनी ते एकदा वाचावे.

डबा लावण्याचा एक परिणाम कुणी बोलून दाखवत नाही. भाजी आणणे, ती निवडणे, कणीक मळणे, ओट्याशी उभे राहणे हे सारे एकदम थांबते आणि दिवसातली हालचाल निम्म्यावर येते. स्नायू टिकवायचे तर प्रथिनांइतकाच त्यांच्यावर पडणारा भारही महत्त्वाचा असतो. म्हणून दोन्ही वेळचा डबा लागल्यावरही मंडईची फेरी मी बंद केली नाही. फळे, दही आणि पनीर मी स्वतः आणते, आणि पिशवी जड झाली तरी रिक्षा करत नाही.

एका वेळच्या डब्याला 140 रुपये पडतात. या भागातल्या साध्या डब्यांपेक्षा हा दर जास्त आहे, पण शिरा काढलेली गवार आणि किसलेले गाजर यांची मजुरी धरली तर मला तो अवाजवी वाटत नाही. रात्रीचा डबा सात वाजता येतो आणि लवकर जेवणाऱ्यांना तो सोयीचा आहे. आम्ही आता दुपारचा डबा चालू ठेवला आहे आणि रात्रीचा बंद केला आहे. रात्री घरी मुगाचे धिरडे आणि दही, किंवा डाळ-तांदूळ समप्रमाणात घेऊन केलेली खिचडी असते आणि सकाळच्या न्याहारीला यजमानांसाठी अंडे असते. एकटे राहणाऱ्या आणि ओट्याशी उभे राहणे अजिबात न जमणाऱ्या व्यक्तीने ही सेवा जरूर घ्यावी, मात्र सोबत दूध, दही आणि मूठभर दाणे किंवा दाण्याचे कूट यांची सोय ठेवावी. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मिठाचा प्रश्न लेखी विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत. तीन दिवसांचे पैसे भरून डबा आधी चाखून पाहण्याची सोय आहे. ते तीन दिवस निवडताना त्यांत निदान एक वरणाचा आणि एक उसळीचा दिवस येईल असे पाहावे, आणि वरण वाटीत काढून दहा मिनिटे तसेच ठेवावे.