ओपनफोममधला ‘कोडेड सोर्स’: काम झटपट, पण चिन्ह आणि आकारमान तपासा

ओपनफोम या प्रवाहाचं गणित सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या के-एप्सिलॉन टर्ब्युलन्स मॉडेलमध्ये (के म्हणजे खळबळीची ऊर्जा, एप्सिलॉन म्हणजे तिच्या ऱ्हासाचा दर) स्वतःचा सोर्स टर्म, म्हणजे समीकरणात वाढ-घट करणारा जादा भाग, घालायचा आहे, पण अख्खं मॉडेल नव्याने कंपाइल करायचं नाही, तर ‘स्केलर कोडेड सोर्स’सारखी सोय दुसरी नाही. एफव्हीऑप्शन्स फाइलीत सी प्लस प्लसच्या चार ओळी लिहायच्या, पहिल्या रनला त्या आपोआप कंपाइल होतात. ओपनफोम फाउंडेशन काढते त्या वितरणात आवृत्ती 9 पासून हीच सोय एफव्हीमॉडेल्स फाइलीत गेली आहे.

सगळ्यात जास्त घोळ चिन्हाचा. हाती येणारी मॅट्रिक्स समीकरणाच्या उजव्या बाजूची असते, म्हणून के वाढवायचा तर मॅट्रिक्सच्या सोर्समधून वजा करायचं. शिवाय प्रत्येक सेलच्या (जाळीतल्या छोट्या घराच्या) आकारमानाने गुणायचं. 1 सेंटिमीटर बाजूच्या घनाकार सेलमध्ये हा गुणाकार राहिला, तर सोर्स थेट 10 लाख पट होतो. सेलझोन (सेलचा ठराविक गट) निवडला म्हणून कोड तेवढ्यापुरताच चालेल, असंही समजू नका. लूप त्या झोनच्या सेलवरच फिरवणं आपल्या हातात आहे.

झाडीतून जाणाऱ्या वाऱ्याचं उदाहरण घ्या. के मधला ऱ्हासाचा भाग, म्हणजे ओढ गुणांक × पानांची घनता × वेग × 5.1 × के, सोर्समध्ये न टाकता डायगोनलमध्ये (मॅट्रिक्सच्या कर्णावर) टाका, तिथेही वजाच. एक्स्प्लिसिट ठेवला, म्हणजे के च्या मागच्या किमतीवरून काढून सोर्समध्येच टाकला, तर के ऋण होऊ शकतो आणि लॉगमध्ये ‘बाउंडिंग के’ (के किमान मर्यादेवर आणला) या संदेशांची रांग लागते. एप्सिलॉनला जोडीचा टर्म द्यायलाच हवा. टर्ब्युलंट व्हिस्कॉसिटी 0.09 × के² ÷ एप्सिलॉन असल्याने एप्सिलॉन तसाच राहून के दुप्पट झाला, की ती चौपट होते. भिंतीलगतच्या सेलमध्ये मात्र एप्सिलॉनचा सोर्स दिसणारच नाही, तिथली किंमत वॉल फंक्शन (भिंतीजवळचं ठरलेलं सूत्र) ठरवतं.

खऱ्या केसआधी ही चाचणी नक्की करा: वेग शून्य, सगळ्या बाजू झीरो ग्रेडियंट (सीमेला लंब दिशेने बदल शून्य), एप्सिलॉन 0.00001, के चा सोर्स 0.01. एका सेकंदात के साधारण 0.01 ने वाढला पाहिजे. घटला तर चिन्ह उलटं आहे.

फील्डचं नाव चुकलं तर रन थांबत नाही, फक्त ‘नेव्हर यूज्ड’ अशी वॉर्निंग येते. ती लॉगमध्ये मुद्दाम शोधा. दोन सोर्सना एकच नाव दिलं तर एकाचा कंपाइल झालेला कोड दुसरा पुसतो. आणि डॉकर कंटेनरमध्ये रूट (अ‍ॅडमिन) म्हणून चालवलं, तर सुरक्षेसाठी कोड कंपाइलच होत नाही, तिथे साधा यूजर बनवा.